श्रोत्याचा अधिकार



 वर्गणी गोळा करणे, सभागृहाची तजवीज लावणे, वक्त्याच्या प्रवासाची व मुक्कामाची व्यवस्था पाहणे आणि अखेरीस जमाखर्चाचा मेळ बसविणे ही कामे आपण, व्याख्यानमालांचे व कलाशिबिरांचे चालक, वर्षानुवर्षे निरपेक्षपणे करीत आला आहात. अशा अनुभवी कार्यकर्त्यांपुढे या परिषदेचा अध्यक्ष म्हणून बोलताना मी एकच विचार मांडू इच्छितो, आणि तो असा की, व्याख्यानमालेचे मोल वक्त्याच्या कीर्तीवरून न ठरविता श्रोत्याच्या अंगी आलेल्या सामर्थ्यावरून ठरविले पाहिजे.

श्रवणाची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. कीर्तन, पुराण आणि प्रवचन यांनी अक्षरशत्रू राहिलेल्या मनुष्यालाही भाषेचा, संगीताचा आणि तत्त्वचिंतनाचा संस्कार दिला, हे त्यांचे उपकार अविस्मरणीय आहेत. परंतु सांगितल्या गोष्टीचा पुरावा मागण्याची मुभा त्या श्रवणात सहसा नव्हती. ती मुभा एकोणिसाव्या शतकात हळूहळू प्राप्त झाली. १८४८ साली मुंबईत स्थापन झालेल्या ज्ञानप्रसारक सभेत दादोबा पांडुरंगांच्या नेतृत्वाखाली निबंध वाचले जाऊ लागले. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी उघड्यावर वादविवाद केला. आणि १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला गेला. ज्या काळी राज्यकारभारात प्रजेच्या मताला फारशी किंमत नव्हती, त्या काळी पक्ष आणि प्रतिपक्ष शांत चित्ताने ऐकून स्वतःचा निर्णय स्वतः करण्याची सवय नागरिकांना या सभांतून लागली, हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य होय, असे मला वाटते.

पण त्या सभांत कोण बसले होते, हा प्रश्न टाळून आपल्याला पुढे जाता येणार नाही. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा निमंत्रण येऊनही महात्मा फुले यांनी तीत सहभागी होण्याचे नाकारले. कारण शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क जे मोकळ्या मनाने मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आपले जमणार नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या त्या नकाराचे उत्तर प्रतिष्ठित सभागृहांतून मिळाले नाही. ते सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी दिले. ज्यांना व्याख्यानाचे निमंत्रण जात नव्हते, त्यांच्या वस्तीपर्यंत गाणे, संवाद आणि विनोद यांच्या द्वारे विचार नेणारे ते जलसे आपल्या व्याख्यानमालांचेच भाऊबंद आहेत, आणि आपल्या इतिहासात त्यांची नोंद बरोबरीच्या मानाने झाली पाहिजे.

कलेच्या प्रांतात तर नुसते ऐकविणे अपुरेच पडते. १९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या बंदिस्त विद्येला जाहीर चर्चेच्या कक्षेत आणले; पुढे डॉ. अशोक रानडे यांनी सप्रयोग व्याख्यानांतून बैठकीच्या लावणीसारख्या प्रकारांचे मर्म गाऊन आणि गाववून उलगडले. पुण्यातील चित्रपट रसास्वाद शिबिरांत प्रा. सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ या १९५५ सालच्या चित्रपटाचे सूक्ष्म विवेचन करीत. काश गवताच्या तुऱ्यांतून आगगाडी पाहावयास निघालेली भावंडे आपण सर्वांनीच पडद्यावर पाहिलेली असतात. परंतु तेच दृश्य थांबवून, पुन्हा दाखवून, कॅमेरा येथे का आणि ध्वनी तेथे का, असे विचारले जाते तेव्हा त्याची रचना ध्यानी येते, आणि ज्याला एक चित्रपट असा पाहता आला, तो पुढचा चित्रपट कोणाच्या आधारावाचून पाहू शकतो. शिबिराचे साफल्य यातच आहे.

आज आपल्या कार्यक्रमांत स्वागत, सत्कार, परिचय आणि आभार यांतच बराचसा वेळ खर्ची पडतो, आणि शंकासमाधानास अखेरची काही मिनिटे उरतात. त्यांतही प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागविण्याचा शिरस्ता वाढत चालला आहे. कार्यशाळांतही हजेरी आणि प्रमाणपत्र यांवरच भर राहिला, तर हात आणि डोळे यांचे शिक्षण मागे पडते. हे पाहून मला खरोखर चिंता वाटते. कारण जो समाज प्रश्न विचारावयाचे विसरतो, त्याला पुढे कोणीही काहीही सांगू शकते.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक व्याख्यानाचा तिसरा हिस्सा वेळ श्रोत्यांसाठी राखून ठेवावा आणि त्यांचे प्रश्न व वक्त्याची उत्तरे संस्थेच्या दप्तरी नोंदवावीत. प्रत्येक व्याख्यानमालेस जोडून एक लहानसे शिबिर भरवावे, ज्यात ऐकणारा माणूस मातीला, रंगाला, वाद्याला किंवा संहितेला स्वतः हात घालील. आणि एक तरी व्याख्यान नेहमीचे सभागृह सोडून, गिरणगावाच्या चाळीत, वाडीच्या समाजमंदिरात किंवा पाड्यावरील शाळेत, तेथील स्त्रीपुरुषांना सोयीच्या वेळी व्हावे. त्याचा विषयही त्यांनीच ठरवावा. यास लागणारा खर्च मोठा नाही. सत्काराच्या शालीश्रीफळांत काटकसर केली तरी त्याची बरीच तरतूद होईल.

या सूचना ठरावरूपाने खुल्या अधिवेशनापुढे येतील. आपण त्यांच्यावर निर्भीड चर्चा करावी, माझ्या म्हणण्यात जेथे पुरावा उणा वाटेल तेथे तो मागावा, आणि जे पटेल ते आपापल्या गावी येत्या वर्षीच अमलात आणावे, अशी कळकळीची विनंती करून मी परिषदेच्या कामकाजास प्रारंभ झाल्याचे जाहीर करतो.