सुख दुखत नसते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नव्हे. तरी आज मनाविषयी चार शब्द बोलायला उभी राहिले, त्याला कारण माझी आत्या.

१९६८ सालची गोष्ट. मी मॅट्रिकला होते. आत्याला रक्तदाबासाठी सर्पगंधेपासून काढलेल्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्तदाब उतरला, पण दोन-तीन महिन्यांत आमची हसरी आत्या गप्प झाली. वेणीफणी नको, जेवण नको. भिंतीकडे तोंड करून पडून राही. घरात म्हणत, "सुख दुखतंय हिचं!" मीही एकदा तसेच बोलले.

शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी गोळी बदलली. महिना-दीड महिन्याने एका सकाळी आत्या आपण होऊन तुळशीला पाणी घालायला उठली.

हे कसे घडले, ते मी पुढे वाचले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते बहुतेक रसायनांच्या हाती. सेरोटोनिन, डोपामिन ही त्यांतलीच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेवर निबंध प्रसिद्ध केला आणि परदेशांचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. हे रेसर्पिन मेंदूतल्या या रसायनांची कोठीच रिकामी करते. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली ते सशांना दिले, तेव्हा ससे जागचे हलेनात. मग ज्यापासून डोपामिन बनते ते एल-डोपा टोचले, आणि ससे पुन्हा हिंडू लागले! कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

मात्र 'अमुक रसायन कमी, म्हणून उदासी' असा सोपा हिशेब कुणी मांडू नये. रेसर्पिन घेणारे सगळेच काही खिन्न झाले नाहीत. दुःख, एकटेपणा, बाळंतपण, जागरणे, घरच्यांचे टोमणे, या साऱ्यांचा मनावर परिणाम होतोच.

म्हणून सांगते, घरातली बाई अशी मिटून गेली, तर तिला बोल लावू नका. जवळ बसा. डॉक्टरांकडे न्या, चालू असलेली औषधे त्यांना दाखवा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

आत्या आज नाही. तिची क्षमा मागायची राहून गेली; ती आज तुमच्यासमोर मागते.