जुने कागद शोधताना



बेज्जूर जागेवरच आहे, त्याचा पत्ता मात्र बदलत गेला. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडले. तेव्हा राजुरा मुंबई राज्यात गेला आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. १९८५ मध्ये तालुके जाऊन मंडले आली, २०१४ मध्ये तेलंगणा झाले आणि २०१६ पासून आपला जिल्हा आसिफाबाद.

आजोबांचे नाव उर्दूत नोंदले गेले, पुढे तेलुगूत उतरले; आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी. वारस लावताना आणि कर्ज घेताना हाच फरक आडवा येतो. बँकेच्या टेबलावर मी हे नेहमी पाहतो.

म्हणून आधी १९५४-५५ ची खासरा पहाणी काढा. अर्जात जुना तालुका, जुना सर्व्हे नंबर आणि नावाची सर्व रूपे लिहा. नक्कल मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. मंडल कार्यालयात शुल्क ५ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पोच घ्यायला विसरू नका.

घरातली वडीलधारी मंडळी आहेत तोवर वंशावळ लिहून घ्या. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलो, हे नुसते सांगून भागत नाही. कागदावर दाखवावे लागते.