शेवटची इच्छा कोण पाळणार?
(अंबड, नाशिक येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



तुमच्यापैकी अनेकांचे वडील माझ्या अब्बांसारखेच अंबडच्या कारखान्यांत कामाला आले. अब्बा मला म्हणायचे, "माझी मय्यत गावी ने, दादीच्या कबरीशेजारी दफन कर." हे त्यांनी मला एकट्यालाच सांगितलं होतं. ते गेले त्या रात्री वडीलधारी म्हणाले, "उशीर नको, इथंच दफन करू." माझ्याजवळ ना कागद होता, ना साक्षीदार. अब्बा नाशिकच्याच कब्रस्तानात आहेत.

पुढे एका वकिलांना विचारलं, कागद असता तर? ते म्हणाले, मृतदेह ही मालमत्ता नाही. मृत्युपत्रानं घर देता येतं, देह तसा देता येत नाही. अंत्यविधीची इच्छा वारसांनी पाळलीच पाहिजे, असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही.

अवयवदान आणि देहदानाची गोष्ट मात्र वेगळी. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात दोन साक्षीदारांसमोरच्या लेखी संमतीला वजन आहे. त्यातला एक साक्षीदार जवळचा नातेवाईक हवा. केरळमधले नेते एम. एम. लॉरेन्स 2024 मध्ये वारले, तेव्हा देहदानावरून त्यांच्या मुलांमध्येच वाद झाला. साक्षीदारांसमोर बोलून दाखवलेली इच्छा तिथल्या उच्च न्यायालयानं मान्य केली.

आता हमीद दलवाईंकडे पाहा. 3 मे 1977 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. धार्मिक विधी नकोत, दहन करा, ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. इस्मत चुगताई यांचंही 1991 मध्ये इच्छेप्रमाणे मुंबईत दहन झालं. कुणाला हे पटेल, कुणाला नाही. पण ज्याला दफन हवं, त्याचा हक्कही तेवढाच मोठा. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेनं कोरोनानं गेलेल्या सर्वांचं दहन करण्याचा आदेश काढला होता. तो त्याच दिवशी मागे घ्यावा लागला.

म्हणून सांगतो, इच्छा साध्या कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या. कागद कपाटात कुलूपबंद ठेवू नका. मृत्युपत्र बहुधा दफनानंतरच उघडलं जातं. आणि सगळ्या भावंडांना एकत्र बसवून सांगा.

आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांना विचारा. मी सगळ्यांसमोर विचारलं नाही, ते आजही सलतं.