मनाचे गुपित आणि समुपदेशन



शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय असो वा दौंडचे कटारिया महाविद्यालय, दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथे शिकणाऱ्या, अथवा पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या मनावर परीक्षा, नोकरी आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा भार असतो. परंतु समुपदेशकाच्या दाराशी कोणी दिसले, तर संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत चर्चा होते. पुढे सोयरिकीची चिंता. म्हणून मूल गप्प राहते.

आता मार्ग मोकळे होत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्याचा निर्देश दिला. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते. दूरध्वनीवर पहिले शब्द सोपे जातात. दुखणे खोल असेल तर समोरासमोर भेट, प्रसंगी डॉक्टर हवेतच.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याचे पालन घरापासून व्हावे. मूल फोनवर बोलत असता वडीलधाऱ्यांनी दार लोटून घ्यावे, नंतर "काय बोलणे झाले?" असे विचारू नये. जिवाला धोका वाटल्यास मात्र त्यास क्षणभरही एकटे सोडू नये. वहीखात्यातील गुपित पिढ्यानपिढ्या जपणाऱ्या समाजाला मुलाच्या मनाचे गुपित जपणे अवघड नाही.