सिकलसेल आणि लहान मुलांचा लकवा



सिकलसेल म्हटले की आपल्याला हातपाय दुखणे आठवते. लकवा हा म्हाताऱ्यांचा आजार, असे आपण धरून चालतो. पण विळ्यासारख्या रक्तपेशींमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि खेळते मूल एका बाजूने लुळे पडते.

हा धोका आधी कळू शकतो. कानशिलावर डॉप्लरचे यंत्र टेकवून रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, वेदना नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक असेल, तर नियमित रक्त दिल्याने लकवा बहुतांशी टळतो, हे अमेरिकेत १९९८ साली सिद्ध झाले.

विदर्भातून संभाजीनगरात आलेल्या कुटुंबांनी अहवाल काढून पाहावा. 'एएस' म्हणजे वाहक. त्याला ही तपासणी नको. 'एसएस' मुलाची मात्र २ ते १६ वर्षांपर्यंत दरवर्षी व्हावी. डॉक्टर बोलले नाहीत तर आपण विचारावे.