विचार करून सांगतो

मी कविता लिहितो. कवीने धंद्यावर बोलावं हे तुम्हाला थोडं विचित्र वाटेल. आकाशवाणीच्या मंडळींनी ‘नवी कल्पना आणि उद्योजक’ हा विषय सुचवला तेव्हा मलाही तसंच वाटलं. पण या विषयावर बोलायचा मला एक अधिकार आहे. एक चांगला चालू शकणारा धंदा मी सुरू होण्याआधीच बंद पाडला आहे, आणि तोही फक्त तीन शब्दांत. ‘विचार करून सांगतो.’

मिरजेत आमच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर, दुरुस्ती आणि तासावर भाड्याने सायकली. १९९१ साली माझा धाकटा भाऊ बारावी होऊन दुकानात बसायला लागला होता. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, “दुकानाची अर्धी जागा रिकामीच असते. तिथे एसटीडी बूथ टाकू या.” त्याने नुसतं मनात आणलं नव्हतं. अर्ज आणला होता, अनामत किती भरावी लागते ते विचारून आला होता. काचेची केबिन कोण करून देईल, तेही बघितलं होतं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. मिशन हॉस्पिटल तर एकोणिसाव्या शतकातलं. कर्नाटकातून रोज पेशंट येतात, त्यांच्याबरोबर दोन-दोन नातेवाईक. ऑपरेशन झालं, रक्त पाहिजे, पैसे घेऊन या, हे सगळं गावाकडे कळवायचं असतं. भावाचं म्हणणं एवढंच की ही माणसं आपल्या दुकानासमोरूनच जातात.

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. घरात बी.ए. झालेला मी पहिला. माझं मत म्हणजे शेवटचं. मी म्हणालो, “घाई नको. विचार करून सांगतो. ईद होऊन जाऊ दे.”

खरं सांगायचं तर मी विचार केलाच नाही. कवितेचं असं असतं की ओळ सुचली आणि वहीत टाकली, तर दोन वर्षांनीही ती तिथेच असते. कधी कधी मुरून अधिक चांगली होते. धंद्याची कल्पना अशी वहीत राहत नाही. ती एकाला सुचते तेव्हा त्याच रस्त्यावर आणखी चार जणांना सुचलेली असते, कारण गरज सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच उभी असते. ईद झाली, मोहरम आला, आणि समोरच्या औषधाच्या दुकानावर पिवळी पाटी लागली. रात्री दर उतरले की तिथे रांग लागायची. लाल आकडे पळायचे आणि फोनवरच्या माणसाचं बोलणं कमी आणि आकड्यांकडे बघणं जास्त. आमचे अब्बा सायकलीला हवा भरता भरता ती रांग बघायचे. भाऊ एक शब्द बोलला नाही. पुढे बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा अम्मीच्या बांगड्या मोडल्या. बूथ असता तर मोडाव्या लागल्या नसत्या असं मला कोणी म्हणालं नाही. मीच म्हणत असतो, अधूनमधून.

आता गंमत बघा. ज्या गावात मी हे केलं, ते गाव मुळात पटकन हालचाल करणाऱ्यांचं. मिरजेची सतार, मिरजेचा तंबोरा तुम्ही ऐकलाच असेल. तो करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारी. इंग्रजी अंमल आला आणि तलवारीचं काम संपत चाललं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची ही गोष्ट. फरीदसाहेबांसारखे कारागीर तेव्हा ‘पुन्हा दिवस पालटतील’ म्हणत बसले नाहीत. संस्थानात गाण्याबजावण्याची आवड होती. त्यांनी वाद्यांची दुरुस्ती हातात घेतली आणि त्यातून वाद्यं घडवायला शिकले. लोखंडावर चालणारा हात भोपळ्यावर आणि लाकडावर चालवायचा, ही साधी गोष्ट नाही. पंढरपूरकडचा भोपळा वाळवून कापताना जरा जोर जास्त झाला की संपलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची सुरुवात धार लावायच्या कामातून झाली आहे.

दुसरं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतली शिकवण्याची नोकरी सोडली, कारण बढती त्यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली. बेळगावला येऊन त्यांनी सायकलचं दुकान टाकलं. (सायकलचं दुकान म्हटलं की माझे कान टवकारतात.) मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोडजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण नांगर काही लगेच खपला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर जायला दोन वर्षं लागली. तेव्हा ‘झटपट करा’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की सुरुवात लवकर करायची असते, पैसा लवकर मिळेलच असं नाही. अनेक तरुण नेमकं उलटं समजतात. चार महिन्यांत गिऱ्हाईक आलं नाही की शटर खाली.

आणि कर्ज काढून घाई करणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. अब्बा व्याजाचा पैसा घेत नसत, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग. पण त्यामुळे आम्हाला एक सवय लागली. बुडाला तरी चूल पेटेल एवढाच पैसा आधी घालायचा. भावाचा बूथ तसाच होता. रिकामी जागा आणि थोडी अनामत. त्याला महिनोन्‌महिने विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

२००३ मध्ये मोबाईलवर येणारे फोन फुकट झाले आणि ज्याच्या-त्याच्या खिशात फोन दिसू लागला. भावाने रिचार्ज कूपनं आणि मोबाईल दुरुस्ती सुरू केली. मला कळलं ते दुकानावर पाटी चढल्यावर. त्याने विचारलं नव्हतं. समोरचा बूथ दोन-तीन वर्षांत बंद झाला, तेव्हा तोच मला म्हणाला, “भाईजान, आपला असता तर आपलाही बंदच झाला असता.” माझं मन राखायला म्हणाला, हे मला कळतं. मधली बारा वर्षं आम्ही दोघांनीही मोजलेली आहेत.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी माझ्याकडे आली. तंबोरे परगावी पाठवताना भोपळा फुटतो. त्यासाठी आतून जाड फोम लावलेल्या पिशव्या शिवून कारागिरांना विकायच्या असं तिच्या डोक्यात आहे. “बडे अब्बा, तुम्हाला काय वाटतं?” भाऊ शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होता. पान मात्र उलटत नव्हता.

मी विचारलं, “पहिली कधी शिवणार?”

ती म्हणाली, “दोन झाल्यात. खाली रिक्षात आहेत.”

आम्ही तिघंही खाली गेलो. पिशव्या छान होत्या. एकीचा पट्टा मात्र उलटा शिवला होता, तो भावाने तिथेच रिक्षात बसून उसवला.