तेलांत पाणी

घरच्या घरीं मोटार दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींची संख्या आपल्याकडे लहान नाहीं. इंजिनाचें हेड उघडून गॅस्केट बदलण्यापर्यंत कित्येकांची मजल जाते, आणि त्यांत वावगें असें कांहींच नाहीं. परंतु काम आटोपल्यावर दोन दिवसांनीं डिपस्टिक बाहेर काढावी आणि तिच्यावर काळसर तेलाऐवजीं दुधाळ चहाच्या रंगाचा चिकट लेप दिसावा, असाहि प्रसंग यांपैकीं अनेकांवर येतो. इंजिन थंड ठेवणारें पाणी, ज्याला आज सर्वजण कूलंट म्हणतात, तें तेलांत उतरलें, असा त्याचा अर्थ. तें कोठून आलें हें कसें शोधावें, याविषयीं आज बोलावयाचें आहे.

त्याआधीं एक गोष्ट निक्षून सांगतों. अशा स्थितींत गाडी रस्त्यावर काढूं नये; कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंतसुद्धां नव्हे. क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगांत फिरतो तो तेलाच्या अत्यंत पातळ पापुद्र्यावर. धातूला धातु लागत नाहीं म्हणूनच इंजिन वर्षानुवर्षें टिकतें. पाणी शिरलें कीं हा पापुद्रा भार सोसूं शकत नाहीं. शिवाय कूलंटमधील ग्लायकोल तेलांतल्या द्रव्यांशीं मिळून चिखलासारखा गाळ करतें आणि तेलाची जाळी तुंबवतें. गॅस्केटचा खर्च थोडा असतो. बेअरिंगें गेलीं तर इंजिनच उतरवावें लागतें.

तेल दुधाळ कां दिसतें, हें मुलांना सांगण्याजोगें आहे. दुधांत स्निग्धाचे सूक्ष्म थेंब पाण्यांत तरंगतात. येथें पाण्याचे थेंब तेलांत तरंगतात. दोन्हीकडे प्रकाश त्या थेंबांवरून विखुरतो आणि डोळ्याला पांढुरकें दिसतें. मात्र तेल भरण्याच्या झांकणाखालीं थोडी साय दिसली म्हणून लागलीच घाबरूं नये. थंडीच्या किंवा पावसाळ्याच्या दिवसांत गाडी रोज चार-दोन मैलच धांवत असेल, तर हवेंतलें बाष्प तेथें गोठून तसा थर धरतें. डिपस्टिक स्वच्छ आहे आणि कूलंटची पातळी ढळत नाहीं, तर तो थर पुसून टाकावा.

आतां मुख्य प्रश्न. दुरुस्तीनंतर तेलांत पाणी दिसलें, तर तें दुरुस्तीच्या वेळीं सांडलेलें आहे, कीं अजून गळत आहे? या दोहोंची गल्लत फार होते. रेडिएटर रिकामा केला म्हणजे इंजिन रिकामें झालें, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः ब्लॉकच्या पोटांत बरेंच पाणी राहतें. तें काढण्यास बहुधा निराळा प्लग असतो. तो न उघडतां हेड उचललें, तर हें पाणी भोकांभोकांतून थेट खालच्या तेलाच्या चेंबरमध्यें जातें. दुरुस्ती उत्तम झाली तरी तेल दुधाळ होणारच.

माझा एक जुना विद्यार्थी, आतां पन्नाशीचा, अशाच पेंचांत सांपडला होता. वडिलांची प्रीमियर पद्मिनी त्यानें जपून ठेवली आहे. मुंबईच्या रस्त्यांवरची या जातीची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत बंद झाली, तरी हौशी घरांतून ही गाडी अद्याप नांदते. घरांत आठ दिवसांवर लग्न, कसारा घाट चढून नाशिकला जावयाचें, आणि गॅस्केट बदलल्यावर तेलाचें ताक झालेलें. एका गॅरेजवाल्यानें इंजिनच बदलण्याचा सल्ला दिला होता. मी शाळामास्तर, कारागीर नव्हे. परंतु जड द्रव तळाशीं बसतो, एवढें शास्त्र आम्हांलाहि येतें. गाडी रात्रभर हलविली नाहीं. सकाळीं चेंबरचा प्लग हळूच ढिला केला, तों आधीं अर्धी वाटी हिरवें पाणी आलें आणि मागून तेल.

जुनें तेल व फिल्टर काढून स्वस्तांतलें नवें तेल भरलें, जागच्या जागीं इंजिन थोडा वेळ चालवून तेंहि काढून टाकलें, आणि तिसऱ्यानें चांगलें तेल व पुन्हां नवा फिल्टर घातला. पहिल्या बदलानंतर थोडी दुधाळी राहतेच; ती पुरावा नव्हे. यानंतर रेडिएटरमधील पातळीची खूण केली, इंजिन पुरतें तापविलें आणि रात्रभर थांबलों. रात्रभर कां? इंजिन चालूं असतांना दाबाखालच्या वाटांतील तेलाचा दाब पाण्याहून कितीतरी अधिक असतो. इंजिन बंद होतांच तेलाचा दाब नाहींसा होतो, पण तापलेल्या पाण्याचा दाब बराच वेळ टिकतो आणि मग पाणी फटींतून तेलाकडे वळतें. म्हणून चोरी पुष्कळदां गाडी उभी असतांना होते. सकाळीं पातळी दोन बोटें उतरली होती. डिपस्टिक पुन्हां पांढुरकी. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झांकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरली, तर कांटा हळूहळू खालीं येई, पण बाहेर कोठें थेंबहि नाहीं. संशयाला जागा उरली नाहीं.

हेड पुन्हां उतरविलें. बोल्ट पुस्तकांतल्या क्रमानें, मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानें आवळले होते. गॅस्केटहि उलटें नव्हतें. पोलादी सरळ पट्टी हेडच्या तळावर आडवी ठेवली आणि खालून फीलर गेजचीं पातीं सरकवून पाहिलीं. सामान्यतः ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपलीकडे वांकडेपणा चालत नाहीं. येथें पाण्याच्या एका भोकाजवळ ०.१५ चें पातें आरपार गेलें. हेड तापून वांकलें असें त्याला वाटलें. परंतु खोलगा तेवढ्याच ठिकाणीं होता. जुन्या गॅस्केटचा चिकटलेला कागद काढण्यासाठीं त्यानें पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून तेथें चांगला घांसला होता! हेड ॲल्युमिनियमचें, मऊ. बोटाखालीं तें खरवडलें गेलें. तेथें लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरावी, आणि कागद घांसावयाचाच तर तो सपाट ठोकळ्यावर ताणून.

लेथवाल्यानें हेड फेस करून दिलें. बसवितांना बोल्टांचीं भोकें कापडानें कोरडीं केलीं, कारण बंद भोकांत तेल-पाणी राहिलें तर बोल्ट आवळल्यासारखा लागतो, पण हेड दाबत नाहीं. कधीं ब्लॉकहि तडकतो. नव्या गाड्यांतील ताणले जाणारे बोल्ट तर एकदांच वापरावयाचे.

गॅस्केट निर्दोष निघालें, तर ऑईल कूलर पाहावा. ट्रॅक्टर व मोठ्या डिझेलांत लाइनरच्या खालच्या रबरी कड्या पाहाव्या. यांपैकीं कशासाठींहि इंजिन फेंकून द्यावें लागत नाहीं.

लग्नाला मंडळी आगगाडीनेंच गेली. पद्मिनी पंधरवड्यानें चालूं झाली, आणि पहिले पांचशें किलोमीटर होईपर्यंत तो रोज सकाळीं डिपस्टिक पाहत असे. काढलेलें कूलंट मात्र त्यानें अंगणांत उघड्या पातेल्यांत ठेवलें होतें, तें मी त्याच वेळीं झांकावयास लावलें. ग्लायकोल गोड असतें आणि विषारी असतें. मांजर त्याला तोंड लावतें, लहान मूलहि लावील. तें बंद डब्यांत, नांव लिहून, उंचावर ठेवावें. गटारांत ओतूं नये.